खुर्चीकडे तोंड करून

१

ऋजुता नागपूरला शिकायला निघाली, तेव्हा तिने घरातल्या दोनच गोष्टींची नीट व्यवस्था लावली. एक स्वतःचा चार्जर आणि दुसरे मासे. आईवडिलांनी आपली व्यवस्था आपण बघावी, असा एकूण सूर होता.

मासे हॉलमध्ये होते. कोलशेतच्या त्या टॉवरमध्ये हॉल म्हणजे सोफा, टीव्ही आणि काचेची टाकी यांनी आपसांत वाटून घेतलेली जागा. माणसांनी मधून अंग चोरून जायचं. टाकीसमोर ऋजुताची खुर्ची होती, जाड फोमच्या गादीची. बारावीचा सगळा अभ्यास तिने त्या खुर्चीत माशांकडे तोंड करून केला. तिच्या वडिलांच्या मते परीक्षा माशांनी दिली असती तर मार्क जास्त पडले असते.

वडील म्हणजे मुकुल गुप्ते. एका विमा कंपनीत दावे तपासण्याच्या विभागात तो गेली कित्येक वर्षं काम करत होता. लोक सांगत ते आधी खोटं धरायचं आणि मग त्यात खरं काही सापडतंय का ते बघायचं, ही त्याची नोकरी होती, आणि ती तो घरीही आणत असे. बायको देवयानीने डोकं दुखतंय म्हटलं तरी त्याच्या चेहऱ्यावर पुराव्याची वाट पाहणारा भाव येई.

आत मात्र त्याला एकच भीती होती. भावाची, मेहुणीची, ऑफिसातल्यांची मुलं बाहेरगावी शिकायला गेली आणि परत आली ती पाहुण्यांसारखी. सोफ्यावर टेकून बसतात, चहा छान झालाय म्हणतात आणि जातात. आपली पोरगी तशी होऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. अर्थात हे तो कुणाला सांगणार नव्हता. त्याने मासे सांभाळायचं कबूल केलं, ते या भीतीपोटी. मासे आहेत तोवर रोज फोन येईल असा त्याचा हिशेब होता.

निघायच्या आदल्या दिवशी तिने त्याची शिकवणी घेतली. पंप बंद करायचा नाही. पाणी सगळं बदलायचं नाही, थोडंथोडं. काचेला चिकटून बसणारा काळा मासा म्हणजे सेक्रेटरी, कारण सोसायटीच्या सेक्रेटरीप्रमाणे तो जागचा हलत नाही. नारिंगी, उगाच तोंडाची उघडझाप करणारा मासा म्हणजे बाबा. मुकुलने या नावाला हरकत घेतली. ती म्हणाली, "ए बाबा, तू त्याच्याकडे एकदा नीट बघ, मग बोल."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी गेटपाशी उभी होती. ॲडमिशनला मुकुल स्वतः जाऊन आला होता. हॉस्टेलवर आता तिकडची मावशी सोडणार होती. रडणं, मिठ्या मारणं, दही देणं सगळं उरकलं होतं. ऋजुता लिफ्टपाशी पोहोचली आणि मुकुल दारातून ओरडला, "अगं ऋजू, यांना चिमूटभर म्हणजे नक्की किती?"

समोरच्या दारातल्या मंदाकिनीकाकूंनी तोंडावर हात नेला. निघालेल्या माणसाला मागून हाक? आता हिला आत घ्या, घटकाभर बसवा, पाणी पाजा आणि मग नव्याने निघू दे, असं त्यांनी बजावलं. मुकुलने त्यांना ऐकू जाईल अशा बेताने सुस्कारा सोडला. ऋजुता हसत हसत परत आली आणि टाकीसमोरच्या खुर्चीत मांडी घालून बसली. देवयानी पाणी आणायला आत गेली. ड्रायव्हर खालून हॉर्न वाजवत होता, म्हणून मुकुल बॅगा घेऊन लिफ्टने खाली उतरला.

गाडीपाशी पोहोचला तर ऋजुता मागच्या सीटवर आधीच बसलेली. तरुण पाय, जिन्याने धावत उतरली असेल. इतक्या मजल्यांवरून, धाप न लागता. त्याला आपल्या मुलीचं कौतुकच वाटलं. तिने हात हलवला आणि गाडी गेटबाहेर पडली.

२

माशांनी मुकुलला पहिल्या दिवसापासून मान दिला नाही. ऋजुता टाकीजवळ आली की सगळे पुढच्या काचेला येऊन वळवळायचे. मुकुल दाणे टाकायचा तेव्हा ते लांबूनच बघत. दाणे पाण्यावर तरंगत, फुगत आणि खाली बसत. पोट भरलेल्या सरकारी पाहुण्यांसारखे मासे त्यांच्याकडे दुर्लक्ष करीत.

संध्याकाळी मात्र एक गोष्ट घडे. दिवेलागणीच्या सुमाराला सगळे मासे एकाएकी पुढे येत, खुर्चीच्या बाजूच्या कोपऱ्यात दाटी करत आणि शेपट्या हलवत वर बघत. काचेला चिकटून बसलेला सेक्रेटरीसुद्धा वर येई. मुकुल तेव्हा सोफ्यावर बसलेला असे. खुर्ची रिकामी असे.

त्याने कारणं काढली. समोरच्या टॉवरचा उजेड त्या कोपऱ्यात पडत असेल. त्याने पडदा लावला. मासे आले. मग माशांना वेळेची सवय असते, असं ठरलं. त्याने खुर्ची दुसऱ्या बाजूला सरकवली. मासे दुसऱ्या कोपऱ्यात आले. यावर त्याने खुर्ची जागेवर आणून ठेवली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शिवाय मासे सुटत चालले होते. नारिंगी बाबा तर ढेरीमुळे वळताना जरा मोठा वळसा घेऊ लागला. देवयानी आपल्या नकळत त्यांना चारते असा मुकुलला संशय आला. तो तिने झटकला आणि उलट त्याच्यावरच टाकला. दोघांत एक छोटी चौकशी समिती बसली, तिच्यात दोघंही आरोपी होते, आणि निष्कर्ष न काढताच ती उठली.

शेवटी कोपरीहून कमलेशला बोलावलं. त्याचं तिथे मासे आणि टाक्यांचं दुकान होतं. ही टाकीही त्याच्याकडचीच. त्याने काचेवर टिचकी मारली आणि म्हणाला, "काका, टेन्शन नाय. फक्त डबल जेवण बंद करा. कोणतरी यांचे फार लाड करतंय."

तिकडे ऋजुताचे फोन नियमाने येत होते. पहिल्या आठवड्यात ती रडेल म्हणून देवयानीने धीर देणारी वाक्यं तयार ठेवली होती, ती वाया गेली. ऋजुता रडली नाही. मेस चांगली आहे, मुली चांगल्या आहेत, सगळंच चांगलं. "बाबा, तुम्ही जेवलात का?" असं ती विचारू लागली. जन्मल्यापासून बापाला अरेतुरे करणाऱ्या मुलीला हॉस्टेलने काही दिवसांत वळण लावलं, म्हणून मुकुल खूश झाला. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ खूश होता. मग हळूहळू ते ओसरलं.

माशांबद्दल ती एक शब्द विचारत नसे.

३

त्याने एकदा व्हिडिओ कॉलवर आपणहून टाकी दाखवली. ऋजुता सभ्यपणे बघत राहिली. दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम बघावा तशी. मग म्हणाली, "मेघना आलीये का?"

मेघना म्हणजे तिची आतेबहीण, डोंबिवलीला राहणारी. मुकुल म्हणाला, नाही, का गं?

"काचेत दिसतंय ना. तुम्ही फोन धरून उभे आहात आणि मागे खुर्चीत कोणीतरी बसलंय. मांडी घालून."

मुकुलने मागे वळून पाहिलं. खुर्चीत कोणी नव्हतं. फक्त तिची गादी, मधोमध खोल दबलेली, सावकाश फुगून वर येत होती. फोमला वेळ लागतो.

"कोणी नाही," तो म्हणाला.

"बरं," ऋजुता म्हणाली, आणि मेसची घंटा झाल्याचं सांगून तिने फोन ठेवला.

मुकुल जेवणाआधी दोनदा त्या खुर्चीत बसला आणि उठला. त्याचं वजन बघता गादी वर यायला किती वेळ लागतो, हे त्याला पाहायचं होतं. देवयानी स्वयंपाकघराच्या दारातून हा प्रयोग बघत होती. काय चाललंय असं तिने विचारलं नाही, हे त्याला खटकलं.

जेवताना त्याने सहज काढल्यासारखा विषय काढला. त्या दिवशी पोरगी जिन्याने केवढ्या वेगात उतरली ना, मी खाली जाईतो गाडीत बसलेली.

देवयानीने भात कालवायचा थांबवला. "तू खाली गेलास तेव्हा ती खुर्चीत होती, मुकुल."

"म्हणजे नंतर उतरली."

"गाडी गेटबाहेर पडल्याचा आवाज आला, तेव्हा पाणी पिऊन तिने रिकामा पेला माझ्या हातात दिला. मी तो आत ठेवायला गेले. आले तर खुर्ची रिकामी."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तू पुरावा मागितला असतास."

हे खरं होतं. एक साक्षीदार म्हणतो माणूस गाडीत होता, दुसरा म्हणतो घरात होता. ऑफिसात असा दावा आला असता तर त्याने दोघांनाही खोटं ठरवून फाईल बंद केली असती. इथे अडचण अशी की एक साक्षीदार तो स्वतः होता.

पुढचे दिवस, सांगायला विचित्र वाटतं, पण मजेत गेले. मुलगी गेल्यावर घर खायला उठतं असं सगळे म्हणत. गुप्त्यांचं घर उठलं नाही. देवयानी गुणगुणत वावरायची. बेसनाचा वास सुटला की हॉलमध्ये खुर्ची किंचित करकरे. मुकुल टीव्हीपाशी जाताना "सरक जरा" म्हणून जाई, आणि म्हटल्यावर त्याला कळे की आपण म्हटलं. वाट मात्र मिळालेली असे. संध्याकाळी मासे गर्दी करीत. पाण्यावर बारीक तरंग उठत आणि दाणे वरून पडताना दिसत, डबा फळीवर बंद असताना. हे त्याने एकदाच पाहिलं. नंतर त्या वेळेला तो पेपर तोंडासमोर धरू लागला. रोजचा पेपर इतका बारकाईने त्याने आयुष्यात कधी वाचला नव्हता.

४

ऋजुता दिवाळीच्या सुट्टीत आली. दारातच वाकून दोघांना नमस्कार केला. देवयानीने तिला जवळ घेतलं आणि मग जरा लांब धरून पाहिलं. मुलगी तीच होती. जरा बारीक झाली होती, एवढंच.

मासे मात्र ती हॉलमध्ये पाऊल टाकताच खोट्या झाडांच्या मागे गेले, एक सोडून सगळे, आणि तिथे एकमेकांना खेटून राहिले. ऋजुताने टाकीकडे एकदा पाहिलं. काचेला चिकटलेला काळा मासा तेवढा दिसत होता. "हा कोणता?" तिने विचारलं.

मुकुल म्हणाला, "सेक्रेटरी."

"छान नाव आहे," ती म्हणाली.

ती सोफ्याच्या टोकावर टेकून बसली. चहा छान झालाय म्हणाली. ताट स्वतः घासलं. मंदाकिनीकाकू येऊन तिच्या वागण्याचं कौतुक करून गेल्या. मुकुलने हे सगळं पाहिलं. ज्याची भीती होती तो पाहुणा घरात आला होता, आणि तक्रार करायलाही जागा नव्हती.

खुर्चीत ती एकदाही बसली नाही. जाताना खुर्चीला वळसा घालून जाई, तोही जरा जास्तच मोठा.

लक्ष्मीपूजनानंतर, देवयानी मंदाकिनीकाकूंकडे फराळाचं ताट घेऊन गेली असताना, ऋजुता म्हणाली, "बाबा, ही टाकी देऊन टाका."

मुकुलने कारण विचारलं. तुमची दगदग होते, ती म्हणाली. मला दगदग नाही, मुकुल म्हणाला. तिने खुर्चीकडे न बघता आपली बोटं एकमेकांत गुंतवली.

"टाकी आहे तोवर मला इथे झोप लागत नाही. कोणीतरी सारखं माझ्याकडे बघतंय असं वाटतं. रागाने नाही सांगत, बाबा. पण टाकी असेल तर पुढच्या सुट्टीत मी इकडे येणार नाही. मावशीकडेच राहीन."

हे ती इतक्या शांतपणे बोलली की मुकुलला पहिल्यांदाच तिची, स्वतःच्या मुलीची, भीती वाटली. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की ही आली नाही तर आपल्याकडे काय उरेल? एक खुर्ची आणि तिच्यातली फुगणारी गादी. दावा लेखी देता येणार नाही असा.

त्याने कमलेशला फोन केला. देवयानीला रात्री जेवताना सांगितलं. तिने ताटातलं संपवलं आणि हॉलमध्ये जाऊन उगाच खुर्चीची गादी झटकून, सारखी करून ठेवली.

५

कमलेश दुपारी टेम्पो घेऊन आला. डोंबिवलीच्या एका दातांच्या डॉक्टरांना वेटिंग रूमसाठी टाकी हवीच होती. दाढ काढून घ्यायला आलेल्या माणसाला मासे बघून धीर येतो म्हणे. माशांना काही बघून धीर येतो का, हे कोणी विचारलं नव्हतं.

पंप बंद केला तेव्हा एक बारीक गुणगुण थांबली, जी आहे हेच मुकुल विसरला होता. मासे पिशव्यांत गेले. पिशव्यांची तोंडं रबराने बांधली. टाकी रिकामी करून, गोधडीत गुंडाळून लिफ्टमधून खाली गेली. भिंतीवर एक फिकट चौकोन उरला. कमलेश निघताना म्हणाला, "सांभाळून नेतो, काका."

हॉल अचानक मोठा दिसू लागला. ऋजुता सोफ्यावर मागे रेलून बसली, पाय वर घेतले आणि चिवड्यातलं खोबरं वेचून खाऊ लागली. ती हसली, आणि ते हसू मुकुलला ओळखीचं वाटलं. झालं ते बरं झालं, असं त्याने मनात म्हणून पाहिलं. आत देवयानी मिक्सरवर काहीतरी दळत होती. बराच वेळ दळत होती.

मग कमलेशचा फोन आला.

"काका, शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलोय. एक विचारायचं होतं. ताईंना मीच परत सोडू, की डोंबिवलीहून कोणी घ्यायला येणार आहे?"

"कुठल्या ताई?"

"ऋजुताताई. पुढे बसल्यात ना माझ्या बाजूला. मी टेम्पोत चढलो तर आधीच बसलेल्या. मला वाटलं तुम्ही पाठवलंत, मासे नीट पोचतायत का बघायला." कमलेशने आवाज खाली केला. "माशांची पिशवी मांडीवर घेतलीये. मी किती विचारलं, बोलत नाहीत काही. नुसत्या रडतायत, काका."

मुकुलने समोर पाहिलं. ऋजुताचा हात चिवड्याच्या वाटीत थांबला होता. फोनमधलं तिला ऐकू गेलं असणं शक्य नव्हतं.

"जाऊ दे ना, बाबा," ती समजुतीने म्हणाली. "सवय होईल तिला."

मुकुलच्या डोक्यात नेहमीप्रमाणे कारणं जमायला लागली. कमलेशची चेष्टा असेल. दुसरी कुठली मुलगी असेल. मेघना असेल. ती एकेक करून पुढे आली, त्याने त्यांच्याकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकाही कारणाला त्याने दारात उभं केलं नाही. कोणीतरी आपलं घर सुटलं म्हणून रडत होतं. नागपूरला गेलेली मुलगी एकदाही रडली नव्हती.

"परत आण," तो फोनमध्ये म्हणाला.

"मासे?"

"सगळं परत आण. डॉक्टरांना मी सांगतो. आणि सावकाश ये, तिला गाडी लागते."

फोन ठेवला. ऋजुताने वाटी बाजूला ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहान मुलाने खेळता खेळता घराकडे वळून बघावं आणि दार लावलेलं दिसावं, तसं काहीतरी होतं.

"मग मी कुठे राहू?" तिने विचारलं.

आयुष्यभर या जागेच्या अडचणीवर बोलत आलेल्या मुकुलने हॉलभर नजर फिरवली. तिलाही कोणीतरी घरी बोलवायला हवं होतं, हे त्याला तेव्हा कळलं. "तूही इथेच," तो म्हणाला. "बसू की सगळे." आपला आवाज त्याला दाव्यावर न वाचता सही केल्यासारखा ऐकू आला.

दोघं समोरासमोर बसून राहिले. उन्हं उतरली. गेटपाशी टेम्पो वळल्याचा आवाज आला, तसा मुकुल उठून गॅलरीत गेला. वरून टेम्पोची पुढची काच दिसत होती आणि तिच्यावर ऊन असं चकाकत होतं की आतलं काही कळत नव्हतं. टेम्पो सावलीत शिरला. क्षणभर काचेमागे पाण्याने फुगलेली पिशवी दिसली, तिच्यात नारिंगी काहीतरी वळलं, आणि पिशवीभोवती दोन हात होते. ज्यांना धरून पोरीला शाळेत सोडलं, ते हात माणूस कितीही वरून ओळखतो.

तो आत आला. सोफ्यावर ऋजुता होती. दाराकडे बघत होती आणि तिने शेजारची उशी उचलून मांडीवर घेतली होती. जागा करायला की धरायला, ते सांगता येत नव्हतं.

आतला मिक्सर थांबला. देवयानीला फोनबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि ती स्वयंपाकघरातून बाहेरही आली नव्हती.

"मुकुल," तिने आतून विचारलं, "चहा टाकतेय. कमलेशला धरून पाच ना?"

मुकुलने मनातल्या मनात मोजलं. लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला.

"हो," तो म्हणाला, आणि दार उघडायला गेला.